मागची सीट, दोन मैल आणि एक हंडा

मिरजगाव,
मंगळवार, ता. ४ डिसेंबर १९७३

चि. सौ. मनकर्णा,

तू गेल्यापासून मी स्वतःच्या हातानं केलेल्या वस्तू अशा. कडबा कापायचं यंत्र एक, पात्यासकट. दाराचं कुलूप एक, किल्ल्या दोन. विहिरीवरच्या इंजिनाला पाण्याची टाकी, गळत नाही. तुझ्या आईच्या फोटोला शिसवीची चौकट, कोपऱ्यांत एकही खिळा नाही. घरच्या पंपाचा दांडा पुन्हा घडवला, आता एका हातानं ओढता येतो. आणि एक दमणी.

दमणी दोन बैलांची, वर टप, आत बसायला गादी. खाली जीपचे स्प्रिंगचे पाटे बसवलेत. मिलिटरीच्या मोडीत निघालेल्या जीपचे, भिंगारच्या भंगारवाल्याकडून आणले. एका बाजूला सात पाटे होते, दुसऱ्या बाजूला आठ. मी दोन्हीकडे सात केले, नाहीतर गाडी एका अंगाला कलली असती. गादीवर काठोकाठ भरलेला तांब्या ठेवून एसटी स्टँडपासून आपल्या वस्तीपर्यंत दोन मैल गाडी आणली. अडीच चमचे पाणी सांडलं, तेही ओढा चढताना. एवढ्या रस्त्याला ही गाडी पुणे-मुंबईचा कुणी इंजिनेर करून दाखवील तर मी त्याच्या हाताखाली राहीन. मी चौथी शिकलेला माणूस आहे, हे तुला माहीत आहे.

पाटे आणायला भिंगारला आलो त्या दिवशी तुमच्या क्वार्टरवरूनच गेलो. दोरीवर तुझं हिरवं लुगडं वाळत होतं. मला गाडी गाठायची होती.

इकडे ठीक. गेल्या दोन वर्षांच्या दुष्काळानंतर यंदा ज्वारी डोळ्यांना दिसते आहे. भाकरी मीच करतो, आता गोल होते. साळूबाई तुझी आठवण काढते. जावईबापू रंगनाथरावांचं कार्ड आलं, खुशाली समजली. मी दिलेल्या स्टोव्हची वात काळी पडत असेल तर बोटभर कापून टाक, नवी आणू नकोस.

दीड वर्षात तुझ्या बापाची नऊ पत्रं गेली. हे दहावं. उत्तर यायला हवं असं काही नाही.

तुझा दादा,
सहादेव


मिरजगाव,
गुरुवार, ता. ६ डिसेंबर

चि. सौ. मनकर्णा,

मंगळवारच्या पत्रात एक गोष्ट खोटी लिहिली. रंगनाथरावांच्या कार्डात खुशाली नव्हती. त्यांनी कळवलं होतं ते असं: "हिला दोन महिने होऊन गेले आहेत. चार दिवसांपासून थोडं लाल दिसत आहे. नगरला दवाखान्यात नेतो म्हटलं तर टांग्यात बसत नाही, चालतही नाही. आई म्हणते, व्याह्यांनी लिहून दिलेलं आहे, धक्का नको. आपण ती स्प्रिंगची गाडी घेऊन आलात तर त्यात बसेल. हिला न विचारता लिहितो आहे, राग नसावा."

कार्ड सोमवारी आलं. मंगळवारी मी तुला स्टोव्हच्या वातीविषयी लिहिलं.

खरं सांगतो, कार्ड वाचल्यावर पहिल्यांदा मला आनंद झाला. तू पुन्हा त्याच संकटात आहेस याचा नव्हे. गाडीला बोलावणं आलं, याचा. लगेच चाकं उतरवली, वंगण बदललं, टपाची शिवण उसवली होती ती घातली. भिंगार पस्तीस मैल. शनिवारी पहाटे निघालो तर बैलांना दम देत रविवारी दिवस मावळायच्या आत पोचेन, असा हिशोब केला.

साळूबाई शेजारच्या कुडावरून बघत होती.

"भाऊ, लेकीला आनायला निगालाय का?"

"आणायला नाही. भिंगारातून नगरच्या दवाखान्यात न्यायला."

"दोन कोसाचं बी अंतर न्हाई ते. त्याच्यासाठी दोन दिस गाडी हाकनार? आन् तवर पोरीनं काय करायचं?"

मी म्हणालो, "या गाडीत धक्का बसत नाही. मी मोजलाय."

ती म्हणाली, "तुमी धक्का मोजता भाऊ. दिस मोजत न्हाई."

मग शेरडाला चारा टाकायला निघून गेली. तिचं बोलणं मी सहसा मनावर घेत नाही. दीड वर्षापूर्वी, तुझ्या त्या वेळी तिनं काय काय सांगितलं होतं ते तुला आठवत असेल. तू कातरवेळी ओढ्यावरून आलीस म्हणून, पाल अंगावर पडली म्हणून. मी तिला हसलो होतो. म्हणालो होतो, कारण शोधायचं असेल तर रीतीनं शोधावं. इंजिन बंद पडलं तर मी बाहेरची बाधा बघत नाही, नळी बघतो, पिन बघतो, डिझेल बघतो.

म्हणून वही घेऊन तुझ्या खाटेजवळ बसलो होतो. किती तारखेला, कुठं बसून आलीस, काय उचललंस, काय खाल्लंस. तेवीस प्रश्न विचारले. तू भिंतीकडे तोंड करून तेवीसही प्रश्नांची उत्तरं दिलीस. पाचव्या दिवशी सगळं संपलं, आणि तेराव्या दिवशी रंगनाथराव आणि विहीणबाई तुला न्यायला आले तेव्हा मी तो कागद शाईनं पुन्हा लिहून, खाली सही करून, त्यांच्या हातात दिला. कारणं तीन. एक, एसटीची मागची सीट. दोन, स्टँडपासून वस्तीपर्यंत दोन मैल चालणे. तीन, बारा तारखेला भरलेला हंडा उचलणे.

तू तेव्हा माझ्याकडे बघितलंस. त्यानंतर नाहीच.

मी अजूनही म्हणतो, तो कागद मी तपासून लिहिला होता. पण साळूबाईचं बोलणं डोक्यातून जात नाही. म्हणून शनिवारी आधी एकटा एसटीनं नगरला जाऊन डॉक्टरला विचारणार आहे की धक्का नेमका किती चालतो. तेवढं कळलं की गाडीत आणखी काय करायचं ते मला कळेल.

सहादेव


नगर,
शनिवार, ता. ८ डिसेंबर, दुपारी

मनकर्णा,

हे पत्र टपालात टाकणार नाही, हातानं देईन. तू घेणार नसलीस तर रंगनाथरावांच्या हातात देईन. दवाखान्याच्या आवारात लिंबाखाली बसून लिहितो आहे.

सकाळी आठला बायकांच्या रांगेत उभा राहिलो. पुरुष मी एकटाच. शेजारच्या बाईनं विचारलं, "बाबा, मालकीन कुटं बसलीय?" मी म्हणालो, वारली. त्यावर तिनं जागा दिली. अकराला माझा नंबर आला. डॉक्टरीणबाई माझ्याहून वयानं लहान, चष्मा नाकावर.

"पेशंट कुठाय?"

"भिंगारला."

"मग तुम्ही इथं काय करताय?"

मी सगळं सांगितलं. गाडी, पाटे, तांब्या, अडीच चमचे. मग विचारलं, एवढा धक्का चालेल का, की अजून कमी करू?

त्यांनी लेखणी खाली ठेवली. म्हणाल्या, "बाबा, धक्क्यानं गर्भ पडत नाही."

मी म्हणालो, "एसटीची मागची सीट होती."

"मागची असू दे, पुढची असू दे. या जिल्ह्यातल्या बायका सातव्या महिन्यापर्यंत खडी फोडत होत्या मागच्या दोन वर्षांत. त्यांची पोरं मीच बाहेर काढली."

"हंडा उचलला होता. भरलेला."

"घरोघरी उचलतात."

मी वही काढली. म्हटलं, मग कारण काय ते सांगा, मी लिहून घेतो. त्या हसल्या नाहीत, हे त्यांचे उपकार. रांग बाहेर उभी असताना त्यांनी मला कारणं सांगितली. तुझ्या उपयोगाची आहेत म्हणून जशीच्या तशी उतरवतो.

गर्भ आत रुजतो तेव्हा थोडं रक्त दिसू शकतं. साधारण पाळीच्याच सुमाराला, एकदोन दिवस, आणि त्यात काही वाईट नाही. दुसरं, या दिवसांत गर्भपिशवीचं तोंड नाजूक झालेलं असतं, त्यातूनही डाग येतो. तो कशानं येतो ते बाईंनी सांगितलं तेव्हा मी खिडकीतून बाहेर बघत होतो. ते नवराबायकोमधलं आहे, घाबरण्यासारखं नाही, एवढंच तुला लिहितो. बाकी रंगनाथरावांना वेगळ्या कागदावर. आतमध्ये काही दाह किंवा जंतू असले तरी लाल दिसतं, त्याला औषध आहे. हे सगळं लाल दिसूनही पोर सुखरूप राहण्यातलं. चार बायकांत एकीला तरी पहिल्या तीन महिन्यांत असं दिसतं, आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त नीट बाळंत होतात.

काही वेळा ते गर्भ पडण्याचंच लक्षण असतं. तेव्हा बहुतेकदा बीज पहिल्या दिवसापासूनच चुकलेलं असतं. आईनं काही केलं म्हणून नाही, काही केलं नाही म्हणूनही नाही. खाटेवर बांधून ठेवून ते थांबत नाही.

आणि एक कारण असं आहे की त्याच्यासाठी एक तासही थांबायचं नाही. गर्भ पिशवीत न राहता बाजूच्या नळीत राहिला तर. डाग थोडाच असतो, पण पोटात एका बाजूला दुखतं, चक्कर येते, कधी खांदा दुखतो. क्वचित होतं, पण त्यात बाई जाते. बाहेरून बघून कुणाला सांगता येत नाही, म्हणून तपासायचं. बाई म्हणाल्या, "लाल दिसलं की दाखवायचं. चालत या, टांग्यानं या, ट्रकनं या. कोणत्या वाहनानं हा प्रश्नच नाही. तुमच्या पोरीला कुणी सांगितलं धक्का नको म्हणून?"

मी म्हणालो, मीच. लिहून दिलं आहे.

त्यांनी लेखणी पुन्हा उचलली. दुपारी तीनपर्यंत इथं आहे, घेऊन या, एवढंच म्हणाल्या.

भिंगारची गाडी साडेबाराला आहे, तीनच्या आत तुला आणता येईल. त्याआधी जे त्या कागदात लिहिलं नव्हतं ते लिहितो. तू दोन मैल चाललीस, कारण मी गाडी घेऊन स्टँडवर आलो नाही. तू घरात हंडा उचललास, कारण मी पंप सुधारायला म्हणून आठ दिवस खोलून ठेवला होता. मी तुला सांगितलं होतं, तुझं कार्ड मला उशिरा मिळालं. ते खोटं. कार्ड गुरुवारीच मिळालं होतं. शुक्रवारी तू येणार हे मला ठाऊक होतं. रंभाजीच्या विहिरीवरच्या इंजिनाचा वॉल्व्ह बसत नव्हता आणि तो बसवल्याशिवाय मला उठवेना. वाटलं, मिळेल कुणाची तरी गाडी.

बाई म्हणतात, चालण्यानं काही झालं नाही. हे ऐकून सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. पण मी तुझ्या नावावर लिहिलेली तीन कारणं, त्यांतली दोन माझ्याच हातची होती, आणि हे मला कागद लिहिताना माहीत होतं.

दादा


मिरजगाव,
बुधवार, ता. १९ डिसेंबर

चि. सौ. मनकर्णा,

त्या दिवशी तू आत होतीस. आवाज ऐकला असशील, पण दारात काय झालं ते तुला दिसलं नाही.

विहीणबाई उंबऱ्यात तांदूळ निवडत होत्या. मला बघून म्हणाल्या, "या इवाई. गाडी कुटं लावली?"

"गाडी आणली नाही. एसटीनं आलो."

"आन् मग कशात बसवायची तिला? तुमच्या टोपीत?"

मी म्हणालो, कागद आणला आहे. त्या म्हणाल्या, "कागद हाय की आमच्यापाशी. पेटीत ठेवलाय. दीड वर्स झालं, रोज वाचून दाखवावा लागतो तिला. जरा बादली उचलली की मी म्हनते, तुझ्या बापानंच लिवलंय बाई, मी न्हाई."

रोज, हे मला माहीत नव्हतं.

मी उभ्यानंच नवा कागद वाचला. मोठ्यानं वाचला तो त्यांच्यासाठी नव्हे, तुला ऐकू जावा म्हणून. त्यात तीन ओळी होत्या. मागच्या कागदातली तिन्ही कारणं चुकीची आहेत. यात मनकर्णाचा काही दोष नव्हता. आज तिला तातडीनं तपासून घ्यायचं आहे, मिळेल त्या वाहनानं. खाली सही, तारीख.

विहीणबाईंनी सूप बाजूला ठेवलं.

"मागचा खरा का ह्यो खरा?"

"हा."

"मागच्या टायमाला बी सही हुती तुमची."

"होती."

"मग तवा काय झालं हुतं?"

"तेव्हा मला ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक नाही असं म्हणायची मला सवय नाही."

मागचा कागद मागितला. त्या देईनात. रंगनाथराव आत गेले आणि त्यांनी पेटीतून काढून आणला. घड्या पडून पडून चार तुकडे व्हायला आला होता. मी त्यावर आडवं "चूक" असं लिहिलं, खाली पुन्हा सही केली, आणि त्यांना परत दिला. फाडला नाही. फाडला असता तर त्यांनी म्हटलं असतं, खरा होता म्हणून फाडला.

तेवढ्यात तू बाहेर आलीस. पायात चपला होत्या. त्या तू कधी घातल्यास, माझं वाचून व्हायच्या आधी की नंतर, याचा विचार मी परत येताना वाटभर करत होतो. तू माझ्या अंगावरून गेलीस. वाळली आहेस. मी पत्र पुढं केलं ते तू घेतलंस, पण बघितलं नाहीस. रंगनाथरावांनी टांगा थांबवला, त्यात चढलात. घोडा म्हातारा होता, मागचा उजवा नाल सैल. टांगा खूप हलत होता. मला तो हात लावून धरावासा वाटला.

टांगा वळल्यावर विहीणबाई म्हणाल्या, "च्या घ्या आता आलाच हाय तर." मी घेतला. त्यांनीही माझ्यासमोर बसून घेतला. मग त्या म्हणाल्या, "मला बी दोन झाले हुते आसे, रंगनाथच्या आधी. मला सासूनं सांगितलं हुतं मी आंब्याच्या झाडावर चढले म्हनून." बशी खाली ठेवून म्हणाल्या, "चढले हुते खरी." मी म्हणालो, त्यानं होत नाही. त्या म्हणाल्या, "आता सांगता व्हय."

आज अकरा दिवस झाले. तुमच्याकडून काही नाही. मी रोज पोस्टमनच्या वेळेला स्टँडवर जाऊन बसतो. तो लांबूनच हात हलवतो. डाग थांबला का? एका बाजूला दुखतं का? तेवढं रंगनाथरावांना एका ओळीत लिहायला सांग. तू लिहायची गरज नाही.

घरात दोन माणसांचं पीठ मळतो आणि एक भाकरी बैलांना जाते. असं का मळतो ते बघायला हवं.

दादा


मिरजगाव,
रविवार, ता. ३ फेब्रुवारी १९७४

चि. सौ. मनकर्णा,

तुझं कार्ड काल मिळालं. शनिवारी, सकाळी अकरा वाजता. या वेळी दिवस बरोबर लिहितो आहे.

तू लिहिलंस: "दादा, डॉक्टरीणबाईंनी तपासलं. नळीत नव्हतं. पंधरा डिसेंबरला थांबलं. आता चौथा सरला, पुढचं त्याही सांगत नाहीत. कार्ड गुरुवारीच मिळालं होतं हे मला तेव्हापासून माहीत होतं. साळूकाकूनं सांगितलं होतं, तिच्या पडवीत बसूनच तुम्ही वाचलं म्हणून. तुम्ही कधी सांगाल म्हणून वाट बघत होते. मनकर्णा."

म्हणजे मी तेवीस प्रश्न विचारत होतो तेव्हा तुला माहीत होतं. चोविसावा प्रश्न तू मला विचारू शकत होतीस, आणि विचारला नाहीस.

मी साळूबाईकडे गेलो. म्हटलं, तू पोरीला सांगितलं होतंस? ती म्हणाली, "मंग? तिनं इचारलं, मी सांगितलं. मी काय तुमच्यावानी वही घेऊन बसते व्हय?" मला दीड वर्षात का सांगितलं नाही, असं विचारलं तर म्हणाली, "तुमी कवा इचारलं?"

कार्ड मी तुझ्या आईच्या फोटोच्या चौकटीत खोचलं आहे. वर "दादा" लिहिलं आहे तो भाग बाहेर ठेवून.

तू येशील की नाही ते लिहिलं नाहीस. मी विचारत नाही. पहिलटकरीण माहेरी येते अशी रीत आहे, पण रीत आहे म्हणून येऊ नकोस. आलीस तर एसटीनं ये, हवी त्या सीटवर बस. स्टँडपासून चालत आलीस तरी काही होत नाही, हे आता मला माहीत आहे. तरी पण कार्ड टाक, मी दमणी घेऊन स्टँडवर असेन. रंभाजीचं इंजिन असो, कुणाचंही असो, त्या दिवशी बंदच राहील.

दमणीचं असं आहे. ती ज्या कारणासाठी केली ते कारणच नव्हतं. हे बैलांना जुंपताना रोज आठवतं. परवा शेवगावकडचे आप्पासाहेब बागायतदार मोटार बिघडली म्हणून थांबले होते. मी मोटार दुरुस्त करीपर्यंत ते दमणीत बसून वस्तीवर जाऊन आले. उतरल्यावर पाटे वाकून बघितले, दोन्हीकडे सात आहेत हे त्यांनी आपण होऊन मोजलं. मला म्हणाले, "मिस्त्री, ही रिकामीच उभी असते ना? आमच्या मातोश्रींना देवाला जायला हवी आहे. मला द्या." मी म्हटलं, रिकामी असते. त्यांनी रक्कम सांगितली, मी गप्प राहिलो, त्यांना वाटलं कमी झाली, म्हणून वाढवली. शेवटी नोटा काढून गादीवर ठेवल्या.

चौदाशे पन्नास रुपये रोख देत होते. मी उचलून त्यांच्या हातात परत दिले.

दादा